आई-अण्णा, सातबाऱ्यावर बोजा चढणार नाही

ती. आई आणि अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

हे जरा लांबलचक होणार आहे. दादाला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, तिनं मोबाईलवर डोळे ताणायचे नाहीत. अण्णांनी वाचून दाखवायचं, आणि मधेच थांबून बोलत बसायचं नाही, सगळं वाचून काढायचं, मग काय बोलायचं ते बोला.

तिकडं नेदरलँड्सला उद्योजकतेच्या कोर्सला असताना आपलं रोज बोलणं व्हायचं पण काय व्हायचं, जेवलीस का, थंडी लई आहे का, काय करायलीस, तेवढ्यात रेंज जायची. एकदा अण्णांनी विचारलं होतं, "ते उद्योजकता उद्योजकता म्हणतेत, शेवटी कर्ज काढायचंच शिकवतेत ना?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही कारण तुम्ही तो काळजीनं विचारला होता, आणि त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यात देण्यासारखं नव्हतं. आता परभणीला हॉस्टेलवर आलेय, महालक्ष्म्यांना घरी येणारच आहे, पण घरी आलं की आत्या असतात, काका असतात, लग्नाचा विषय निघतो, म्हणून आधी लिहून पाठवतेय.

आधी तो देश सांगते. अण्णा, नेदरलँड्स अख्खा आपल्या मराठवाड्यापेक्षा लहान आहे. मराठवाडा ६४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, तो देश ४१ हजारच्या थोडा वर, आणि त्यातही बरंच पाणी. तरी शेतमालाच्या निर्यातीत बरीच वर्षं अमेरिकेच्या पाठोपाठ त्यांचा नंबर लागत आलाय. ज्या विमानतळावर उतरले तिथं पूर्वी मोठं तळं होतं, १८५२ ला वाफेच्या पंपांनी उपसून कोरडं केलेलं, म्हणजे विमान उतरतं ते समुद्राच्या पातळीच्याही खाली. तिथून ट्रेननं आणि मग बसनं वाखेनिंगनला. छोटंसं गाव, कडेनं ऱ्हाइन नदी, आणि शेतीचं विद्यापीठ म्हणजे जगात नाव. सगळे सायकलवर, प्रोफेसरसुद्धा सायकलवर, पाऊस आला तरी कुणी आडोशाला थांबत नाही, तसेच जातात.

आमच्या ग्रुपात केनियाची एक मुलगी, व्हिएतनामचा एक मुलगा, कोलंबियाची एक आणि तिथलाच एक डच पोरगा. दुपारी जेवायला थंड ब्रेड आणि चीज, बाकी काही नाही, आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नसती तर अवघड होतं. केनियाच्या मुलीला दशमी ज्वारीची आहे म्हटल्यावर लई आनंद झाला, त्यांच्याकडं पण ज्वारी पिकते. चटणी तर तिनंच संपवली आई, पुढच्या वेळी तिखट जरा जास्त चालेल म्हणाली.

आता मुद्द्याचं. मला वाटलं होतं धंदा काढायचा म्हणजे आधी मोठा प्लॅन, मग प्रोजेक्ट रिपोर्ट, मग बँक. तिथं पहिल्याच दिवशी एक कोरा कागद दिला आणि सांगितलं की तुमच्याकडं आत्ता, आज, काय काय आहे ते लिहा, म्हणजे तुम्ही कोण, तुम्हाला काय येतं आणि तुम्ही कुणाकुणाला ओळखता. पैसे किती लागतील हे विचारलंच नाही. दुसरा प्रश्न असा की यातलं किती गेलं तरी तुमच्या घरात चूल पेटायची थांबणार नाही. हे ज्यांच्या अभ्यासावरून शिकवतात त्या प्राध्यापक बाई मूळच्या आपल्या भारतातल्या आहेत, सरस सरस्वती, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवतात. त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एकच कल्पित धंदा समोर ठेवून मोठ्यानं विचार करायला लावला आणि ते कसे ठरवतात ते बारकाईनं तपासलं. त्यातून त्यांना काय दिसलं तर हे लोक किती मिळेल याच्या हिशोबात फार अडकत नाहीत, किती गमावलं तर परवडेल ते आधी ठरवतात आणि तेवढ्यातच पाऊल टाकतात. त्यांचा लेख २००१ चा आहे आणि आजही जगभर शिकवतात.

अण्णा, मी ते ऐकत होते आणि मला तुम्ही दिसत होता. तुम्ही कायम हेच करत आलात की, सगळं रान एका पिकाला द्यायचं नाही, सोयाबीन असलं तरी तूर पाहिजे, ज्वारीत करडीच्या चार ओळी पाहिजेत, एक गेलं तर एक राहील. लोक त्याला भित्रेपणा म्हणायचे, काकासुद्धा म्हणायचे. मी तर म्हणेन आपल्या घरात हे ज्ञान पहिल्यापासून आहे आणि तुम्ही ते कुठं शिकायला गेला नव्हता.

मग माझ्या कागदावर काय आलं ते सांगते. फूड टेक्नॉलॉजीचं शिक्षण, आपलं रान, अण्णांची करडी, आईची जीभ आणि नाक, लातुरात अकरावी-बारावीला ज्यांच्याकडं राहिले ती घरं, परभणीतल्या मॅडम, आणि स्टायपेंडमधून साठलेले चाळीस हजार. कर्ज या शब्दाला त्या कागदावर रकानाच नव्हता.

करडीचं तेल करावं असं मनात आधीपासून होतंच. आपल्याकडून ती चालली आहे, दरवर्षी रान कमी होतंय, कारण तुम्हाला माहितीच आहे, काटे. आई पहाटे दव असताना काढायला जायची, दवानं काटे जरा मऊ पडतात म्हणून, दोन्ही हाताला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून, आणि ऊन वर आलं की काम थांबवायचं. दुपारी घरी आली की सुईनं बोटातले काटे काढत ओसरीवर बसायची, मी शेजारी बसून कुठं राहिलाय ते दाखवायची. एवढं करून करडी मोंढ्यात गेली की तिला कोण विचारत होतं. आणि इकडं आपला देश खायचं तेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. हे गणित मला कधीच पटलं नाही.

मोंढ्यावरून आठवलं, फुलांचा लिलाव बघायला नेलं होतं आम्हाला, आल्समेर म्हणून गाव आहे. एवढी मोठी इमारत की या टोकावरून ते टोक दिसत नाही, आणि आत इलेक्ट्रिक गाड्यांना जोडलेल्या फुलांच्या ट्रॉल्यांच्या लांबच्या लांब माळा फिरत असतात. लिलाव आपल्या उलटा. आपल्याकडं बोली चढत जाते, तिथं स्क्रीनवरच्या घड्याळात भाव वरून सुरू होतो आणि खाली उतरत येतो, जो पहिलं बटण दाबील त्याचा माल. काही सेकंदात खेळ खलास. खरेदीदार आता बहुतेक आपापल्या ऑफिसातून लॅपटॉपवर बटण दाबतात. ही पद्धत तिकडं १८८७ पासून आहे, सुरुवात फ्लॉवरच्या भाजीपासून झाली, शेतकरी होडीत माल घेऊन यायचे आणि होडीवरच लिलाव व्हायचा. आणि अण्णा, मुख्य गोष्ट ही की आल्समेरची ती संस्था फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीची आहे, सहकारी. माल कुणाचा, दर्जा काय, भाव किती निघाला हे सगळ्यांना तिथल्या तिथं दिसतं.

मला २०२४ च्या हंगामातला आपला दिवस आठवला. तुमच्याबरोबर मोंढ्यात आले होते तेव्हाचा. मशीनमधे मूठभर सोयाबीन टाकलं, आकडा आला, बारा टक्क्याच्या वर ओल आहे म्हणून भाव पाडला. हमीभाव ४,८९२ रुपये आणि आपल्या हातात त्याच्या किती खाली पडले ते मी लिहीत नाही, आईला परत वाईट वाटेल. तुम्ही काहीच बोलला नाहीत, टेम्पोचं भाडं देऊन बसलेलो, माल परत न्यायचा तर परत भाडं. पट्टीची घडी करून बंडीच्या खिशात टाकली आणि मला म्हणालात चल, चहा पिऊ. मशीन बरोबर होती का चूक होती मला माहीत नाही, पण ती आपली नव्हती आणि आकडा बघायला आपल्याला कुणी जवळ बोलावलं नाही, मला राग त्याचा आहे, अजून आहे.

पण सहकाराचं नुसतं गुणगान गात आले असं समजू नका. मामाची एफडी ज्या मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकली ती अजून निघाली नाही हे मी विसरले नाही. म्हणून माझं पक्कं ठरलंय की मी कुणाकडून ठेव घेणार नाही, शेअर घेणार नाही, भावकीतल्या कुणाचाही एक रुपया यात नको. ज्याची करडी घेईन त्याला रोख देईन.

आणि तिकडं सगळं गोडच आहे असंही नाही. एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेलो होतो, गाई आपल्या मनानं चालत रोबोटपाशी येतात, रोबोट सड धुतो, दूध काढतो, गाय निघून जाते. बघत राहावं असं आहे. पण त्याच्या बायकोनं आम्हाला कॉफी देताना सांगितलं की या सगळ्यासाठी बँकेचं जे कर्ज आहे ते बहुतेक पोरं फेडतील. त्यात सरकार म्हणतंय नायट्रोजनचं प्रदूषण होतंय, जनावरं कमी करा. २०१९ ला हे लोक ट्रॅक्टर घेऊन राजधानीला नाही तर सरकार जिथं बसतं त्या हेगला थेट गेले होते, रस्तेच्या रस्ते भरले होते. तो माणूस तुमच्याच वयाचा असेल अण्णा, बोलता बोलता खिडकीतून गोठ्याकडं बघायचा. शेतकरी कर्जाला भितो हे फक्त आपल्याकडंच आहे असं मला वाटायचं, तसं नाहीये.

पाण्याचं एक सांगते, आईसाठी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा मी तिथंच होते, पहिली गाडी एप्रिलमधे आली, पाच लाख लिटर घेऊन. आई तू गावाकडं टँकरच्या लायनीत घागरी ठेवून उभी असायचीस आणि मला फोनवर म्हणायचीस, पोरी, आंघोळीला जपून वापर. तिकडं उलटं दुखणं आहे, पाणी घरात शिरायची भीती. १९५३ ला समुद्राचे बांध फुटले आणि एका रात्रीत १,८३६ माणसं गेली. तिकडं पाण्याची वेगळी मंडळं असतात, त्यांची वेगळी निवडणूक होते, वेगळी पट्टी भरावी लागते, त्यातलं एक मंडळ १२५५ सालापासूनचं आहे म्हणजे आपल्या ज्ञानोबांच्या जन्माच्याही आधीचं. बांध कुणाच्या शेताजवळ आहे हे न बघता सगळे पैसे भरतात. मला हे फार आवडलं. आपल्याकडं बोअर ज्याचा त्याचा, तो पाचशे फूट गेला की शेजारी सातशे फूट मारतो आणि दोघंही कर्जात. कधीतरी गावात हे बोलायला पाहिजे, पण ते नंतर.

आता तेलाचं. कोर्समधे सगळ्यात अवघड काम हे होतं की बाजारात जाऊन अनोळखी माणसांशी बोलायचं आणि आपल्या वस्तूचं नावच काढायचं नाही. तुम्ही हे घ्याल का असं विचारलं की माणूस तोंडदेखलं हो म्हणतो. म्हणून विचारायचं की मागच्या वेळी तेल कधी आणलं, कुठून, कितीला, घरात कोण ठरवतं, काय आवडलं नाही. पहिल्यांदा जीभ रेटेना माझी, मग जमलं, माणसं लई बोलतात आपण ऐकतोय म्हटल्यावर. माझ्या प्लॅनमधे युरोपात विकायचं असं काहीजण घालायला सांगत होते, एक मेंटर तर म्हणाले शंभरपट मोठा विचार कर. मी नाही घातलं. एवढ्या लांबचा बाजार, त्यांचे लॅबचे कागद, कंटेनर, हे चाळीस हजाराचं काम नाही, आणि आपलं तेल आपल्याच माणसांना मिळत नाही ते आधी बघू दे.

परभणीला आल्यावर वसमत रोडच्या घराघरात तेच केलं. आरोग्य वगैरे कुणी फार बोललं नाही. बायका म्हणाल्या वास कसा येतो, तळताना फेस येतो का, भेसळ नाही हे कसं समजायचं. वय झालेल्या आज्या मात्र करडीचं तेल म्हटलं की लगेच सांगायला लागायच्या, आमच्या लहानपणी घरात तेच होतं, भाकरीवर चटणी आणि कच्चं तेल. त्यांच्या सुना म्हणाल्या आईंसाठी एक बाटली घेऊन बघू, पण घरचं सगळं तळण त्यात परवडणार नाही. म्हणजे पंधरा किलोच्या डब्याच्या नादी लागायचं नाही, लहान बाटली, वरून खायला, चटणीला, फोडणीला. हे मला खोलीत बसून कधीच कळलं नसतं.

तर असं करायचं म्हणते. घाणा विकत घ्यायचा नाही. लातुरात लाकडी घाणा चालवणारे आहेत, त्यांच्याकडं गाळणावळ देऊन तेल काढून घ्यायचं. सुरुवातीला मोंढ्यातून थोडी जुनी करडी घेऊन करून बघायचं, चार किलो करडीला किलोभर तेल धरलंय, पेंड आपल्याच जनावरांना. तेल बसवायचं, गाळायचं, तपासायचं ते मी इथं शिकलेच आहे, फूड लायसन्सची नोंदणी मी करते. लोक तुम्हाला म्हणतील की पीएमएफएमई म्हणून छोट्या खाद्य उद्योगांची सरकारी योजना आहे, तिच्यात ३५ टक्के सबसिडी मिळते, दहा लाखापर्यंत, पोरीला सांगा. मला ती माहिती आहे, पण ती कर्जाला जोडलेली आहे, आणि जोवर त्याच त्या बायका दुसऱ्यांदा बाटली मागत नाहीत तोवर मी बँकेच्या दारात जाणार नाही. चाळीस हजार गेले तर गेले, त्याच्या पुढं एक रुपया नाही. पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत बघायचं, नाही जमलं तर मी क्वालिटी लॅबमधली नोकरी धरीन, तिथं मला घेतील. अण्णा, सातबाऱ्यावर बोजा चढणार नाही. आज नाही आणि तुम्हाला विचारल्याशिवाय कधीच नाही.

तुमच्याकडून मला पैसे नकोत. मुगाचं एक एकर रान पाहिजे. तुमची करडी पाहून पाहून मी मोठी झाले तरी पेरायची वेळ, ओल किती पाहिजे, दोन ओळींतलं अंतर, हे तुमच्याइतकं मला येत नाही आणि पुस्तकात जे आहे ते आपल्या काळ्या रानाला जसंच्या तसं लागू पडत नाही. बियाणं मी परभणी कुसुम आणते, विद्यापीठाचंच आहे, तेल २८-३० टक्क्यापर्यंत असतं त्यात. बिनकाट्याचं पण एक वाण आहे, फलटणच्या निंबकर संस्थेनं काढलेलं, एनएआरआय-६, ते मिळालं तर बांधाच्या बाजूनं थोडं लावून बघू. काढणीला गव्हाचं हार्वेस्टर चालतं करडीला, भाड्यानं बोलवू, ते पैसे मी हिशोबात धरलेत. आई, तू आता त्या काट्यात जायचं नाही, हे मी विचारत नाहीये, सांगतेय. तू फक्त तेलाचा वास घेऊन सांगायचं, कच्चं आहे का जळकं आहे का बरोबर आहे, ते मशीनला येत नाही तितकं तुला येतं. आणि पालवी आली की भाजीपुरती खुडून घे, हॉस्टेलवर तीच एक गोष्ट मिळत नाही.

लग्नाचं आत्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझं म्हणणं एवढंच की एक हंगाम जाऊ द्या. तेलाचा धंदा करणारी पोरगी नको असं म्हणणारं स्थळ असलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

अण्णा, मुगाच्या त्या रानात हरभरा टाकायचं तुमचं ठरलं असेल तर बियाणं आणायच्या आधी मला फोन करा, संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा लॅबमधे फोन लागत नाही. नाही म्हणायचं असलं तरी फोनवरच म्हणा, दादाकडून निरोप नको. आईचे ड्रॉप चार वेळा आहेत, तीन वेळा नाही, चिठ्ठीवर बघा. मी शुक्रवारी रात्रीपर्यंत पोहोचते, स्टँडवर कुणी आलं नाही तरी चालेल.

तुमची,
धाकटी